माझ्या चौथ्या जागेवर बसू नका

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे आणि मला पाण्याची भीती वाटते. हसू नका. तुम्ही मला मोबाइलवर पाहता तेव्हा मी छान डुलत असते, म्हणून तुम्हाला वाटतं की ही मजेत आहे. मी डुलत नाही, मी थरथरते.

मी एका ऑनलाइन खेळातली होडी आहे. खेळाचं नाव ‘खाडीगाव’. या खेळात लोक आपापलं घर बांधतात, मासे पकडतात, भाजी लावतात आणि बाजाराला जायचं झालं की माझ्यात बसून खाडी ओलांडतात. नवी मुंबईत महाप्याला एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर सातआठ जणांची कंपनी आहे. तिथे चार वर्षांपूर्वी माझा जन्म झाला. मला चार जागा दिल्या आणि एक नियम घालून दिला. चारही जागा भरल्याशिवाय मी काठावरून हलायचं नाही, परतताना मात्र रिकामी आले तरी चालेल.

सुरुवातीचे दिवस फार सुखाचे होते हो. लोक माइक चालू ठेवून खेळतात, त्यामुळे प्रवास करता करता मला त्यांची घरंच ऐकू यायची. कुकरची शिट्टी, कुणाच्या आईची हाक, सोसायटीच्या गेटवर भांडणारा वॉचमन. माझ्या फळ्या इतक्या खऱ्या वाटतात की पाय ओला होईल, असं कुणीतरी म्हणालं होतं. मी तीन दिवस त्याच आनंदात होते.

मग गेल्या वर्षीची दिवाळी आली. नवीन काहीतरी द्यायचं म्हणून कंपनीने माझ्यावर आकाशकंदील टांगले. ते टांगताना काय चुकलं देव जाणे, पण माझ्या चौथ्या जागेखालचा तळच नाहीसा झाला. वरून फळी दिसायची, खाली नुसतं पाणी. अशा बिघाडाला खेळाडू बग म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही. माझ्या पोटाला भोक पडलं होतं, एवढंच मला कळत होतं.

पहिला बुडाला तो शिवतेज नावाचा खेळाडू. गप्पा मारत चौथ्या जागेवर बसला, मी निघाले आणि भर खाडीत तो माझ्यातून खाली गेला. मला हात नाहीत, मी त्याला धरणार कशी? खेळात बुडालेला माणूस मरत नाही, पण त्याचं सगळं पुसलं जातं. घर, जाळी, टोपलीतला शेवटचा मासासुद्धा. निघाला त्याच काठावर तो पुन्हा पहिल्या दिवसासारखा रिकाम्या हातांनी उभा राहतो. एका मोबाइल नंबरावर एकच खेळाडू, त्यामुळे दुसऱ्या नावाने येण्याचीही सोय नाही.  शिवतेजने माइक बंद केला, तो आजपर्यंत चालू झालेला नाही.

त्याच्यामागून आणखी अकरा जण गेले. बारा माणसं गिळली मी! कुणी काठावर आलं की नका रे बसू, घरी जा, अभ्यास करा, असं ओरडावंसं वाटायचं. पण होडीला तोंड कुठलं?

खेळाडूंनी कंपनीला लिहिलं. एक-दोघांनी नाही, शेकडोंनी. नवीन टोपी नको, नवीन बैलगाडी नको, सहा महिने नवीन काहीच देऊ नका, पण आधी होडी नीट करा. या तक्रारी वाचण्याचं काम क्षिप्राकडे होतं. ती कंपनीत कामाला होती आणि संध्याकाळी स्वतःही खेळायची, त्यामुळे तिथल्या गोष्टी माझ्या कानावर यायच्या. दुरुस्त्यांच्या यादीत तिने मला पहिल्या नंबरावर ठेवलं होतं. दर सोमवारी मिटिंग व्हायची आणि दर सोमवारी मी खाली घसरायचे. कंपनी ज्यांची होती ते ऋषी सर वाईट माणूस नव्हते. पण दर महिन्याला नवं काही दिलं नाही तर लोक कंटाळून जातील, ही धास्ती त्यांना होती. दुरुस्तीची जाहिरात करता येत नाही, असं ते म्हणायचे. मग लोकांना नव्या टोप्या मिळाल्या. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, दुसरं काय!

मला वाचवलं ते सगुणामावशींनी. त्या मूळच्या खाडीकाठच्या. त्यांचं गाव एका प्रकल्पात उठलं आणि आता त्या पनवेलजवळ करंजाड्याला तिसऱ्या मजल्यावर राहतात. मुलगी नमिता बारावीला आहे, तिनेच आईला खेळ शिकवला. एकदा त्या दोघी आणि एक ओळखीचे गृहस्थ असे तिघे माझ्यात बसले आणि चौथ्या जागेवर बसायला कुणी धजेना. तेव्हा मावशींनी टोपलीतून एक नारळ काढला. आमच्यात समुद्राला नारळ दिल्याशिवाय होडी लोटत नाहीत, असं म्हणून त्यांनी तो चौथ्या जागेवर ठेवला. मला वाटलं जागा भरली आणि मी निघाले! नारळ बुडाला, माणसं पार झाली.

बघता बघता सगळे नारळ ठेवू लागले. तीन माणसं, एक नारळ. चार महिने कुणी बुडलं नाही. मी जरा श्वास घेऊ लागले.

इथेच कंपनीचा घोळ झाला. ऋषी सरांनी आकडे पाहिले. नारळ दसपट खपत होते. लोकांना नारळ भारी आवडतोय, असा त्यांनी अर्थ काढला. नारळ का खपतोय ते क्षिप्राने मिटिंगमध्ये सांगितलं, तर होडीचं सणानंतर बघू, असं उत्तर मिळालं. मग नारळी पौर्णिमेचा मोठा बेत ठरला. पलीकडे नवा किनारा उघडायचा आणि जुना किनारा संध्याकाळी सहा वाजता कायमचा बंद करायचा. ज्याला घर वाचवायचं असेल त्याने ते गाठोड्यात बांधून माझ्यातून पलीकडे न्यायचं. आणि सणाची भेट म्हणून सगळ्यांचे नारळ सोन्याचे करायचे. खाली ठेवला की नारळ आपोआप पाण्यात उडी मारणार आणि वर फटाके उडणार.

हे ऐकून माझं काय झालं असेल सांगा. नारळ उडी मारणार म्हणजे चौथी जागा रिकामी. जागा रिकामी म्हणजे मी हलणार नाही. मी हलायचं तर तिथे जिवंत माणूस हवा!

नारळी पौर्णिमेला दुपारपासून काठावर गाठोडी घेऊन रांग लागली. लोक नारळ ठेवत होते, नारळ उड्या मारत होते, फटाके फुटत होते आणि मी जागची हलत नव्हते. पहिल्यांदा लोक हसले. मग चिडले. पाच वाजले तेव्हा कुणी हसत नव्हतं. बेचाळीस जण होते, मी मोजले.

रांगेत पहिल्या सगुणामावशी होत्या. त्यांच्या गाठोड्यात त्यांचं उठलेल्या गावातलं घर होतं. दोन खोल्या, कपाळ आपटेल इतकं ठेंगणं दार, जाळी वाळवायचे दोन वासे, कोपऱ्यात हंडे ठेवायची घडवंची. नमिताने दीड वर्ष बसून आईला विचारून विचारून ते खेळात बांधलं होतं. खऱ्या घराचा एकही फोटो त्यांच्याकडे नाही. नमिताने एकदा का नाही म्हणून विचारलं होतं, तेव्हा मावशी म्हणाल्या होत्या, माणसांचे फोटो काढतात, घराचा कोण काढतं? ते घर आता फक्त या गाठोड्यात उरलं होतं.

साडेपाचला नमिता रडायला लागली. मी बसते चौथ्या जागेवर, माझं गेलं तर जाऊ दे, असं ती म्हणत होती. पण घराचा अर्धा भाग तिच्या नावावर बांधलेला. ती बुडाली तर ओटी आणि दार तिच्याबरोबर जाणार. मावशींनी तिला बसू दिलं नाही. त्यांचा आवाज अगदी शांत होता आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

“एकदा उठवला आमाला,” त्या म्हणाल्या. “आता खेलात पन उठवतान?”

 तेवढ्यात क्षिप्रा धावत काठावर आली. महाप्याच्या ऑफिसातूनच ती खेळात आली होती, मागे कुणीतरी तिला मिटिंगला बोलावत होतं. तिचं स्वतःचं घर, तीन वर्षांची बाग, सगळं तिच्या पाठीवर होतं. ती रांग ओलांडून सरळ माझ्यापाशी आली. चार जागांकडे तिने एकदा पाहिलं.

“मावशी, तुम्ही पुढे बसा,” ती म्हणाली. “चौथी जागा माझी.”

नको गं बाई! मी अंगातल्या प्रत्येक फळीने म्हणाले. पण ती बसली. जागा भरल्या आणि मला निघावंच लागलं. तो प्रवास मी कधी विसरणार नाही. मावशी गाठोडं छातीशी धरून बसलेल्या, नमिता डोळे मिटून, तिसऱ्या जागेवर त्याच ओळखीच्या गृहस्थांचा देवाचा जप चाललेला. भर खाडीत क्षिप्रा माझ्यातून खाली गेली. बाग, घर, सगळं. मावशींचं घर पलीकडच्या किनाऱ्याला लागलं आणि त्या मागे वळून नुसतं पाणी बघत राहिल्या.

मी परत आले तेव्हा क्षिप्रा काठावर उभी होती. रिकाम्या हातांनी, पहिल्या दिवसाच्या साध्या कपड्यांत. तिच्याकडे आता बुडण्यासारखं काही उरलं नव्हतं. हे तिलाही तेव्हाच सुचलं असावं, कारण ती जरा थांबली आणि पुन्हा येऊन चौथ्या जागेवर बसली. पुढच्या तिघांना तिने हाक मारली. ती बुडाली, परत आली, बसली. अशी ती सहा वाजेपर्यंत चौदा वेळा बुडाली. प्रत्येक वेळी माझा जीव तितकाच गेला. भीतीची सवय होत नाही, मित्रांनो. पण बेचाळीसही जण पार झाले.

दुसऱ्या दिवशी ऋषी सर स्वतः माझ्यापाशी आले, क्षिप्रा त्यांच्या मागे होती. तासाभरात इतक्या फेऱ्या कधी झाल्या नव्हत्या, असं ते खूश होऊन सांगत होते. लोकांना होडी आवडली आहे, आता तिला सोन्याचा मुलामा देऊ, असा त्यांचा विचार होता. क्षिप्रा ऐकत होती. तिने वाद घातला नाही.

“देऊ सर,” ती म्हणाली. “आधी तुम्ही चौथ्या जागेवर बसा.”

ऋषी सरांच्या खेळाडूकडे खेळातलं सगळ्यात मोठं घर होतं. चार वर्षांचं. त्यांनी एक पाय माझ्यात ठेवला. मी घाबरून थरथरले, नेहमीसारखी. तो पाय तसाच राहिला. बराच वेळ राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला.

दुरुस्तीला किती वेळ लागेल, असं त्यांनी हळूच विचारलं. दीड दिवस, असं क्षिप्राने सांगितलं.

मित्रांनो, आता माझा तळ धड आहे आणि नव्या किनाऱ्यावरून लोकांना बाजाराला मीच नेते. तरी कुणी चौथ्या जागेवर बसलं की मी आजही श्वास रोखून धरते. तुम्ही मोठे व्हाल, काही ना काही बांधाल. खेळ, पूल, शाळा, काहीही. त्याला रंग जरूर लावा, कंदीलही टांगा. पण त्यावर रोज बसणारी माणसं तळाला भोक आहे असं सांगत असतील, तर आधी स्वतः तिथे जाऊन बसा. बसायची छाती होत नसेल, तर त्याच दिवशी दुरुस्तीला हात घाला. क्षिप्राची बाग मात्र परत आली नाही. ती पुन्हा पहिल्या वाफ्यापासून माती उकरते आहे.