एक दगड कमी

मुंबईच्या विमानतळावर निरुपमाच्या बाबांचं वजन चाळीस ग्रॅम भरलं होतं. लिस्बनला उतरल्यावर ते चार किलो झालं.

बाबा पर्समधल्या पेनाच्या कप्प्यात होते. पर्सचा पट्टा ताणलेला पाहून तिथल्या अधिकाऱ्याने पर्स उघडायला लावली, बोराएवढा काळा दगड बाहेर काढून काट्यावर ठेवला आणि विचारलं, "हे काय आहे?"

"माझे वडील," निरुपमा म्हणाली.

"इथे उतरलं की सगळ्यांचंच थोडं वाढतं," तो म्हणाला आणि पर्सची चेन त्यानेच लावून दिली.

स्मशानात ज्या दगडाने मडक्याला भोक पाडतात त्याला अश्मा म्हणतात. गेलेलं माणूस दहा दिवस त्या दगडात राहतं. दहाव्याला त्याच्यावर तिळाचं पाणी सोडायचं आणि मग तो नदीत सोडायचा, अशी रीत आहे. बाबांना निरुपमाशिवाय दुसरं मूल नव्हतं, म्हणून मडकं तिच्याच खांद्यावर होतं. वझे गुरुजींनी दगड फडक्यात बांधून तिच्या हातात दिला. "ताई, हा हरवला तर सगळं पहिल्यापासून. सांभाळा."

तिने सांभाळला. साताऱ्याच्या घरी व्हरांड्यातल्या कोनाड्यात, कान तुटलेल्या कपात. तिसऱ्या दिवसापासून ती संध्याकाळी व्हरांड्याची खिडकी लावून घेऊ लागली, कारण बाबांना वारा सोसत नसे. सातव्या दिवशी तिने पेपरमधली एक बातमी कपाकडे तोंड करून वाचली. दहाव्या दिवशी माहुलीच्या घाटावर तिने पायरीजवळचा दुसराच एक दगड उचलून फडक्यात बांधला. त्याला सगळ्यांनी रीतसर पाणी दिलं.

पिंडाला कावळा शिवला नाही. दीड तास झाला. समोरच्या पिंपळावर अकरा कावळे होते, ते घाटाकडे पाठ करून बसले होते. शेवटी वच्छीआत्या पुढे झाली. ती बाबांपेक्षा सहा वर्षांनी मोठी. हात जोडून ती ओरडली, "पभ्या, नाटकं पुरे झाली! तुझं ते लिस्बन राहिलंय ना? ही नीरू जाईल. तुझ्या वाटचं बघून येईल. आता जेव रे बाबा, लोकांना ऊन लागतंय."

तरीही कावळा आला नाही. मग गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला लावला आणि घड्याळ पाहिलं. कावळा का येत नाही हे तिथे फक्त निरुपमाला माहीत होतं. पर्स तिच्या मांडीवर होती.

लिस्बन खरोखरच राहिलं होतं. बाबा चौतीस वर्षं बांधकाम खात्यात रस्ते करत होते. निवृत्त झाल्यावरही ते कुणाच्या लग्नाला गेले की आधी कार्यालयासमोरचा रस्ता बघायचे. लिस्बनच्या रस्त्यांबद्दल त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. "डांबर नाही, सिमेंट नाही. वाळूवर दगडाशेजारी दगड, हातोडीने ठोकलेला. आणि टिकतो. कसा टिकतो ते मला बघायचंय." आत्या म्हणायची, "लोक तिकडे राजवाडे बघायला जातात, हा खडी बघायला निघालाय." जानेवारीत त्यांनी स्वतः पत्र लिहून शहराची एक पायी फेरी ठरवली होती. तीन तासांची, फक्त दोघांसाठी, वाटाड्या स्वतंत्र. मार्चच्या आठ तारखेला ते गेले.

ठरल्या वेळी, दुपारी दोन वाजता, निरुपमा नदीजवळच्या चौकात उभी राहिली. वाटाड्या बाई साठीच्या असाव्यात. कॅनव्हासचे बूट, काखेत मिटलेली छत्री. नाव इल्दा. त्या प्रत्येक वाक्यात निरुपमाला 'मेनिना' म्हणत होत्या. मेनिना म्हणजे मुलगी. निरुपमा अठ्ठेचाळीस वर्षांची होती आणि गेल्या सहा महिन्यांत तिला कुणी मुलगी म्हटलं नव्हतं.

"दोघं ना?" इल्दाबाईंनी विचारलं.

"दोघं."

इल्दाबाईंनी पर्सकडे पाहिलं. "तुमच्याबरोबरचे हळू चालतात. गल्ली लांब करून घ्यावी लागेल."

"किती लांब?"

"त्यांना पुरेल इतकी."

चौकातल्या दिव्याच्या खांबावर लोखंडाचं एक जहाज होतं आणि जहाजाच्या दोन टोकांना दोन लोखंडी कावळे. हे या शहराचं चिन्ह आहे, प्रत्येक खांबावर दिसेल, असं इल्दाबाईंनी सांगितलं. दोन्ही कावळे नदीकडे बघत होते. निरुपमा खांबाखालून गेली तेव्हा त्यांनी माना वळवल्या. लोखंड जुनं असल्यामुळे थोडा आवाज झाला.

गल्ली चढाची होती. वर दोऱ्यांवर कपडे वाळत होते, कुठेतरी मासे भाजल्याचा वास येत होता. टोकाला एक पिवळं दार दिसत होतं. वीस मिनिटं चालल्यावर ते दार तेवढ्याच अंतरावर होतं. निरुपमाचा खांदा भरून आला. पर्स तिने या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. आता आठ-दहा किलो सहज असेल, असं तिला वाटलं.

"नीरू," पर्समधून आवाज आला, "मला बाहेर काढ. इथून नुसतं अस्तर दिसतंय."

तिने त्यांना बाहेर काढलं. आकार फारसा वाढला नव्हता, पण दोन्ही हात लावावे लागले. शिवाय एक बाजू सपाट झाली होती.

"ही बाजू कधी अशी झाली?"

"विमानात. बसून बसून," बाबा म्हणाले. "गप्प उभी राहा जरा, मला उतार बघू दे. आधी पाणी कुठे जाणार ते बघायचं, मग रस्ता बघायचा. शाबास. दोन्ही बाजूंना काढलंय पाणी. आमच्या खात्यातल्या एकेकाला आणून इथे उभं केलं पाहिजे."

तेव्हा निरुपमाने मागे वळून पाहिलं. त्यांच्या मागे दोन कामगार पायांवर बसून, त्या तिघांनी ओलांडलेले दगड उपटत होते. टोपली भरली की एक जण ती खांद्यावर घेऊन त्यांच्या बाजूने पुढे जाई आणि दुसरा पुढे जाऊन ते दगड ठोकून बसवी. जिथून दगड काढले होते तिथे नुसती करडी वाळू उरली होती. घरांचे उंबरे त्यामुळे हातभर वर राहिले होते. एका उंबऱ्यावर एक बाई कचऱ्याची पिशवी घेऊन उभी होती आणि रस्ता परत यायची वाट बघत होती.

"शहरात दगड मोजकेच आहेत," इल्दाबाई म्हणाल्या. "माणूस चालून गेल्यावर त्याच्यामागे रस्ता ठेवून काय करायचं?"

"मग परत कसं जायचं?"

"फेरी पूर्ण झाली की दारातून. पलीकडे ट्राम थांबते." त्यांनी पिवळ्या दाराकडे छत्री दाखवली. दोन कामगारांतल्या म्हाताऱ्याला त्या 'मेश्त्र' म्हणून हाक मारत होत्या.

"मिस्त्री चांगला आहे," बाबा म्हणाले. "हात बघ त्याचा. दगड एकदाच फिरवतो आणि ठेवतो. तीनदा फिरवणारा मिस्त्री मी संध्याकाळी घरी पाठवायचो."

निरुपमा चालत राहिली. तिला बसायचं होतं, पण बसावं असं काही नव्हतं. उंबऱ्यांवर आधीच माणसं बसलेली होती. कुणी बूट काढले होते, कुणाच्या मांडीवर नकाशा उघडा होता. एका जपानी नवराबायकोने एकमेकांना पाठ टेकली होती. त्यांचे वाटाडे भिंतीला छत्र्या टेकून उभे होते. कुणी बोलत नव्हतं. निरुपमा जवळून गेली की ते तिच्या हातांकडे बघायचे.

"हे कोण?"

"आधीच्या फेऱ्यांमधले," इल्दाबाई म्हणाल्या.

बाबांच्या आणखी दोन बाजू सपाट झाल्या होत्या आणि ते आता मुठीएवढे झाले होते. वजन वीसच्या पुढे गेलं होतं. निरुपमाने त्यांना छातीशी धरलं आणि पाठ थोडी मागे वाकवली. असं उचलणं तिला नवं नव्हतं. शेवटच्या आठवड्यात ती त्यांना रोज सकाळी पलंगावरून उचलून खिडकीजवळच्या खुर्चीत ठेवायची. तेव्हा ते सत्तेचाळीस किलो होते. नर्सने कागदावर लिहिलं होतं म्हणून नव्हे, तिला हातांनी माहीत होतं. उचलताना ते दर वेळी म्हणायचे, "सांभाळून. कंबर जाईल तुझी." आणि खुर्ची आली तरी ती एखादा क्षण त्यांना खाली ठेवायची नाही.

गल्ली अरुंद होत गेली. आधी चार माणसं चालतील एवढी होती, मग दोन, मग निरुपमाला कोपर भिंतीला घासायला लागलं. मागून दगड उपटल्याचा आवाज जवळ आला होता. आणि पिवळं दार अचानक समोर आलं, तीन पावलांवर.

दाराच्या अगदी पायथ्याशी, उंबऱ्याला लागून, एक दगड नव्हता. चार बोटांचा चौकोन. आत वाळू दिसत होती.

इल्दाबाई थांबल्या. "एक कमी आहे."

"कधीपासून?"

"सतरा मार्च."

निरुपमाने मनात दिवस मोजले नाहीत. मोजायची गरज नव्हती, तो माहुलीच्या घाटावरचा दहावा दिवस होता.

"तेव्हापासून एकही फेरी पूर्ण झालेली नाही," इल्दाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, दमलेपण होतं. "शेवटचा दगड बसल्याशिवाय दार उघडत नाही. लोक इथवर येतात. मागे रस्ता नसतो. मग बसतात."

"कुणी काढला हा?" बाबा म्हणाले. आवाज चढला होता, साइटवर चढायचा तसा. "नीरू, एक दगड सुटला की शेजारचे हलायला लागतात. वरून दिसत नाही. एका पावसात सगळा रस्ता जातो. कुणाचं काम हे?"

निरुपमाने त्यांना छातीशी आणखी घट्ट धरलं.

"असू दे," बाबा म्हणाले. "मिस्त्रींना माप घ्यायला सांग."

सांगावं लागलं नाही. मेश्त्र पुढे सरकला, त्याने अंगठा आणि तर्जनी खड्ड्याला लावली, मग तीच बोटं तशीच उचलून बाबांना लावली. बाबांची सहावी बाजू एवढ्यातच सपाट झाली होती. बोटं ना उघडावी लागली ना मिटावी लागली.

"मी बसतो का बघू," बाबा म्हणाले.

"बाबा, आपण घरी जाऊ. परतीचं तिकीट दोघांचं आहे."

"कुठून जाणार? मागे बघ."

तिने बघितलं नाही. "वाळूतून चालता येतं."

"चौतीस वर्षं मी लोकांना वाळूतून चालावं लागू नये म्हणून रस्ते केले."

"मी दमलेले नाही."

"मी कुठे म्हटलं दमलीस?" बाबा म्हणाले. "पण मला शिवाजीनगरच्या पुलासारखं करू नको. सहा महिने नुसता एका गर्डरसाठी अडला होता. येता-जाता लोक मला शिव्या द्यायचे. तुझी आत्यासुद्धा."

उंबऱ्यांवरची माणसं उठून उभी राहिली होती. कुणीतरी बूट घालत होतं, नाडीचा आवाज ऐकू येत होता.

"फक्त माप बघायला," निरुपमा म्हणाली.

"फक्त माप बघायला," बाबा म्हणाले. "सांभाळून. कंबर जाईल तुझी."

ती गुडघ्यांवर बसली. बाबा सत्तेचाळीस किलो झाले होते, त्यापुढे ते वाढणार नाहीत हे तिला ठाऊक होतं. तिने त्यांना खड्ड्यावर धरलं आणि हळूहळू खाली नेलं. चारही बाजूंना नखही गेलं नसतं इतके ते नीट बसले. शेजारच्या दगडांचा एक बारीक आवाज आला, दाटीत कुणी सरकून जागा करून दिल्यासारखा.

"बसलो," बाबा म्हणाले. नंतर ते काही बोलले नाहीत.

तिने उजवा तळहात त्यांच्यावरून उचलला नाही. मेश्त्रने हातोडी वर धरली आणि तो तिचा हात निघायची वाट बघत थांबला. तरुण कामगाराने तिच्या मागचे दगड काढत आणले होते. आता तिच्या गुडघ्यांखालचे दोन तेवढे उरले होते. त्याने त्यांना हात लावला नाही, पण टोपली शेजारी आणून ठेवली.

इल्दाबाई पाण्याची झारी घेऊन आल्या. दगड बसवल्यावर त्यावर पाणी घालायची इथे पद्धत आहे, वाळू घट्ट बसते, असं त्यांनी सांगितलं. त्यांनी निरुपमाचा डावा हात धरून उताणा केला, पण क्षणभर थांबून तो सोडला. "हा नव्हे, मेनिना. उजवा लागतो."

"उजवा मोकळा नाही."

"हो, ते दिसतंय."

त्या झारी धरून उभ्या राहिल्या. गल्लीत कुणी हललं नाही. दाराच्या वरच्या दिव्यावर लोखंडी जहाज होतं आणि त्यावर एकच कावळा होता. दुसऱ्याची जागा रिकामी होती, दोन पायांच्या गंजलेल्या खुणा तेवढ्या दिसत होत्या.

बऱ्याच वेळाने निरुपमाने उजव्या हाताची करंगळी उचलली. मग अनामिका. मग मधलं बोट. तर्जनी उचलून तिने अंगठा तसाच ठेवत तळहात वर वळवला, तेव्हा इल्दाबाईंनी झारी वाकवली आणि पाणी तिच्या अर्ध्या उघड्या तळहाताच्या खोलगट भागात साठलं. ते थंड होतं. तळाशी पाच-सहा काळे दाणे फिरत होते.

"अंगठ्याच्या बाजूने सोडायचं," इल्दाबाई म्हणाल्या.

"माहीत आहे मला."

अंगठा अजून दगडावर होता. तो दुसरा कावळा तिच्यापासून हातभर अंतरावर उतरला, दगडावर लोखंड वाजलं. तो एक पाऊल पुढे आला, मान तिरकी करून थांबला, आणि बघू लागला. दगडाकडे नाही, तिच्या अंगठ्याकडे.