निरोप

सासूबाईंनी लॅपटॉप सुनेकडे परत सरकवला.

"नाही. 'निरोप' हे नाव जाणार नाही."

वायरलेस जाळ्यातले संदेश पकडून ते नावानिशी दाखवणारे हे सॉफ्टवेअर सासूबाईंनी आणि त्यांच्या यजमानांनी हाडाची काडे करून उभे केले होते. उपकरणाला जाळ्याबाहेर काढणारे संदेश दोन होते; यजमानांनी दोन्हींना 'निरोप' हे एकच नाव दिले आणि वर ऐटीत म्हणाले होते, "घालवायचंच आहे, तर निरोप देऊन घालवू." आजही सासूबाईंच्या संमतीवाचून त्यातला एक शब्द हलत नसे.

"आई, अधिकृत मानकात ही दोन वेगळी नावं आहेत. 'संबंधविच्छेद' आणि 'ओळख रद्द'. आपण दोन्ही एकाच नावाखाली कोंबलीत. काल एका रुग्णालयातला तंत्रज्ञ दिवसभर भलताच दोष शोधत बसला. तोवर तिथली यंत्रं मुकी!"

"फरक काय त्यांत? शिकव मला."

"संबंध तुटला तरी ओळख शिल्लक राहते. पण ओळख रद्द झाली, की संबंध आपोआप संपतो."

बोलून झाल्यावर सुनेने जीभ चावली. आतल्या खोलीत यजमान होते. गेल्या हिवाळ्यापासून त्यांना बायको ओळखू येत नव्हती.

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"नाव त्यांनी ठेवलंय. त्यांना विचारल्याखेरीज हात लावायचा नाही."

"आई, बाबांना आता काय…"

"ते माझं मी बघते."

यजमान खिडकीशी पलंगावर बसले होते. सासूबाई त्यांच्यासमोर ताठ उभ्या राहिल्या.

"निरोप काढून टाकायचा म्हणतात. चालेल?"

ते विचारात पडले. "कोणाचा निरोप?"

"तुमचाच."

"माझा, आणि मलाच न देता काढणार? वा!" ते मिस्कील हसले. मग संकोचून म्हणाले, "अहो बाई, आपली ओळख काही लागत नाही. पण उभ्या का? बसा ना."

त्यांनी उशी बाजूला सारून जागा केली. सासूबाई बसल्या.

सून दारात आली. "आई, काय करू?"

"मानकात आहे तसं लिही. दोन्ही नावं."

"आणि ते ओळख आणि संबंधाचं वाक्य? मदतीच्या पानावर घालावं लागेल."

"तेही घाल," सासूबाई म्हणाल्या. "आणि जाताना दार लोटून घे. आम्ही बोलतोय."