मंडप, मुदपाकखाना आणि व्हीलॅन एक

दसऱ्याच्या सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी कुरवंड्यात दत्तोबांच्या रिसॉर्टवर, स्वयंपाकघरातल्या ऑर्डरच्या प्रिंटरनं बेडूक छापायला सुरुवात केली.

सानिया तेव्हा साखरपुड्याच्या मंडपात शिऱ्याची बशी घेऊन बसली होती. आचारी पप्पू हातभर नव्हे, वीस हात कागदाची पट्टी ओढत तिच्यापुढे येऊन उभा राहिला.

"ताई, ऑर्डर आलीय. संपायचं नावच घेईना."

"कुठल्या टेबलची?"

"टेबल न्हाई लिवलेलं. वाचतो. 'पश्चिम घाटातील बेडकांच्या सतरा जाती.' आता तुमीच सांगा, सणाची शाकाहारी पंगत, आन् बेडूक कोण मागवतंय? त्ये बी सतरा परकारचे!"

शेजारच्या बायका खो खो हसल्या. सानियाही हसली आणि मधेच थांबली. बेडूक कुणाच्या पोराच्या शाळेच्या प्रकल्पातले असणार, पण पाहुण्याच्या फोनवरून ते स्वयंपाकघरात पोचायलाच नको होते.

वडगाव मावळच्या सानियानं इथलं सगळं जाळं महिन्यापूर्वी बसवलं होतं. कार्यालयामागच्या खोलीत एक स्विच, म्हणजे चोवीस तारांचं एक चपटं खोकं. कंपनीतून येतो तेव्हा तो सगळ्या तारा एकाच गटात धरतो. त्या गटाचं नाव व्हीलॅन एक. लावलं की लगेच चालतं, म्हणून निम्मे लोक ते तसंच ठेवतात. सानियानं ठेवलं नव्हतं. पाहुणे वेगळे, स्वयंपाकघर वेगळं, कॅमेरे वेगळे, मंडपाचे स्पीकर वेगळे, असे तिनं चार गट पाडले होते. एका छपराखाली चार खोल्या, मधे पक्क्या भिंती. आणि दत्तोबांना छातीठोकपणे सांगितलं होतं, "आबा, पाहुण्याचा फोन तुमच्या चुलीपर्यंत पोचला, तर मी पुन्हा तुमची पायरी चढणार नाही."

ते वाक्य दत्तोबांनी गावभर केलं होतं. म्हणून तर आज साखरपुड्याच्या पाहुण्यांत कुरवंड्यातले आणखी सहा रिसॉर्टवाले रांगेनं बसले होते, त्यांतले वडीलधारे धोंडिबा मधोमध. सानियाचं काम बघायचं, पटलं तर आपलंही तिलाच द्यायचं. ती सहा कामं मिळाली की नोकरी सोडून सानिया स्वतःचं दुकान थाटणार होती. पाटीवरचा मजकूरसुद्धा ठरला होता.

तिनं बशी खाली ठेवली, तेवढ्यात मंडपाचे चारही स्पीकर खाकरले.

"नागफणीच्या डोंगरावर धुकं उतरलं दाट," एक पुरुषी आवाज घुमला, "अं... नाव घेतो... आईशप्पथ, पुढचं काय होतं?"

सगळ्या माना स्पीकरकडे वळल्या. मग नवरीची मावशी किंचाळली, "अगं बाई, हे तर जावई!"

नवरदेव सोपान मागच्या चार नंबरच्या खोलीत दार लावून उखाण्याची तालीम करत होता. फोनवर आवाज भरायचा, मग लावून ऐकायचा. फोननं आवाज कुठं सोडू म्हणून विचारलं असणार आणि यादीत पहिलं नाव 'मंडप'. सोपाननं न बघता बोट ठेवलं असणार. खोलीत काहीच ऐकू येईना, म्हणून बिचारा आवाज वाढवत होता.

"धुकं उतरलं दाट," स्पीकर दुप्पट जोरात गरजले, "स्नेहलचं नाव घेतो, वाढा माझं ताट! श्शी! ताट नाही गाढवा, वाट!"

चौरंगावर बसलेली नवरी स्नेहल तोंडाला पदर लावून इतकी हसली की कपाळावरची बिंदी नाकावर आली. सहा रिसॉर्टवाले मांड्या थोपटत होते. हसत नव्हते ते फक्त दत्तोबा. ते उठून सानियाजवळ आले.

"पोरी, ह्यो पावना माझ्या भोंग्यात कसा शिरला?"

"बघते आबा."

"बग लवकर. आता त्यो सासूबद्दल काय बोलला तर साखरपुडा हितंच मोडंल."

सानिया पळाली. वाटेत एका शेंबड्या पोराच्या फोनवर फाटकाचा कॅमेरा दिसत होता आणि तो आजीला सांगत होता, "बघ, काका गाडी मागं घेताना धडकला." म्हणजे चारही भिंती पडल्या होत्या.

तिनं मागची खोली उघडली. स्विचवर हळदकुंकवाची पाच बोटं, वर झेंडूचं फूल. काल खंडेनवमी. यंत्रांची पूजा करायची म्हणून तिनंच अंबूबाईंना, दत्तोबांच्या बायकोला, खोलीची किल्ली दिली होती. पण एक गोष्ट खटकली. खोक्याच्या तोंडावर सगळीकडे कुंकू सांडलं होतं आणि उजव्या कोपऱ्यातलं बारीक भोक तेवढं लख्ख होतं. ते रीसेटचं भोक. आत टोक खुपसून दहा सेकंद दाबलं की स्विच शिकवलेलं सगळं विसरतो.

तिनं लॅपटॉप जोडला. तिचा पासवर्ड चालेना. खोक्याच्या बुडाला चिकटवलेला कंपनीचा चालला. पडद्यावर चोवीसही तारांपुढे एकच आकडा होता. एक, एक, एक, एक.

जुन्या मांडणीची प्रत तिच्याकडे होती. ती चढेपर्यंत दोन मिनिटं लागणार होती. बाहेर सोपाननं तिसऱ्यांदा सुरुवात केली होती आणि आता अख्खा मंडप त्याच्यासोबत म्हणत होता. "नागफणीच्या डोंगरावर धुकं उतरलं दाट! स्नेहलचं नाव घेतो, सोडा माझी..."

भिंती उभ्या राहिल्या. स्पीकर मुके झाले.

"वाट!" दीडशे माणसांनी वाक्य पुरं केलं. आणि पाठोपाठ स्नेहलचा स्वच्छ आवाज आला, "ताट वाढलंय, या आता!"

सानिया परतली तेव्हा चार नंबरचं दार उघडून सोपान बाहेर आला होता आणि टाळ्या कशाच्या चालल्यात हे त्याला कुणीच सांगत नव्हतं. दत्तोबा मात्र वाटेतच उभे होते. मागं ते सहा जण.

"काय झालतं?"

"स्विच कंपनीतून आला होता तसा झाला, आबा. सगळे एका खोलीत."

"कुनी केला?"

दत्तोबांच्या खांद्यामागं अंबूबाई उभ्या होत्या. हातात हिरव्या बांगड्या, बांगडीला तीन सेफ्टी पिना, त्यातल्या एकीचं टोक कुंकवानं लाल.

"किल्ली माझी होती," सानिया म्हणाली. "ती मी दिली. बोलल्याप्रमाणे पायरी उतरते."

"कुटं चाललीस?" अंबूबाई पुढं आल्या. "अवो, भोकात कुकू गेलतं. देवाच्या वस्तूत घाण कशी ठेवू? म्या पिन घालून चांगलं घोळघोळ घोळलं. दिवं इजलं, परत लागलं. मला वाटलं, पावलं!"

दत्तोबांनी बायकोकडं बघितलं, पिनेकडं बघितलं आणि आज पहिल्यांदाच हसले. ते इतके हसले की धोंडिबांना त्यांना खुर्ची द्यावी लागली.

"पोरी," धोंडिबा म्हणाले, "माज्याकडं सोमवारी ये. ह्या पाच जनांचं मी बगतो. फकस्त एक कर. भोकावर झाकन बसव, माझी मंडळी बी पिना बाळगती."

"बसवते, भाऊ."

"आन् मंडपाची भिंत उखाण्यापुरती पाडता येती का बग."

सानिया उत्तर देणार, तेवढ्यात पप्पू आला. पट्टी आता त्याच्या गळ्यात उपरण्यासारखी होती.

"ताई, नवव्या जातीवर येऊन थांबलं. बाकीचे आठ बेडूक रद्द समजू का?"