सात वर्षे जागा

मी पोर्ट सईदमधला एक संगणक बोलतोय. सात वर्षांत मला कोणी बंद केलेलं नाही. कचेऱ्यांतले माझे भाऊबंद साहेबांबरोबर दुपारीच डुलक्या काढतात म्हणे. माझ्या नशिबी ती नोकरी नव्हती.

माझा धनी वजदी मालवाहू जहाजावर आचारी आहे. जाताना आईला म्हणाला, "ह्याला बंद करू नकोस. कुठल्या बंदरातून कधी फोन करीन, माझं मलाच ठाऊक नसतं. वाजला की हिरवं बटण दाब. बाकी कशाला हात लावू नकोस."

उम्म वजदीनं, म्हणजे वजदीच्या आईनं, ते शब्दशः पाळलं. शेजारची नर्गिस तिला टोचायची, "अगं, झोपव की त्याला! अशानं आयुष्य घटतं."

"तुझा फ्रिज झोपतो वाटतं?"

"त्यात मासे असतात, बाई."

"ह्यात माझा मुलगा असतो."

या घरात प्रत्येक वस्तूला विणलेला अभ्रा आहे. उघड्या वस्तूला नजर आणि धूळ दोन्ही लागतात. मला आधी पातळ जाळीचा होता. यंदा वाळूचे वारे सुटले, तेव्हा उम्म वजदीनं प्रेमानं जाड लोकरीचा विणला, पडद्यासकट पायापर्यंत. माझा श्वास कोंडला. आवाजही आतच राहू लागला, आणि तिचे कान म्हातारे. चार महिने मुलाचा फोन नाही म्हणून ती माझ्यासमोर बसून रडायची. मला सगळं माहीत होतं. सांगायला तोंड कुठे होतं?

शेवटी जळका वास आला, तेव्हा दुरुस्तीवाला उस्ता साबरी आला. त्यानं अभ्रा ओढला आणि पडद्याकडे बघतच राहिला.

"मावशी, नऊ फोन येऊन गेलेत."

तिनं उलट फोन लावायला लावला. कोणी उचलला नाही. जहाज समुद्रात असणार.

"चालू राहून हा मेला नसता, तुमच्या लोकरीनं गुदमरलाय. बंद करून साफ करतो. पण सात वर्षं फिरलेली हार्ड डिस्कची तबकडी थंड झाली, की पुन्हा फिरेलच असं नाही."

"आणि बंद नाही केला तर?"

"आठवडाभर काढेल."

"मग आठवडा राहू दे."

तो डोक्याला हात लावून गेला.

आज सहावा दिवस. उम्म वजदी माझ्या पाठीशी खुर्ची टाकून पुठ्ठ्यानं वारा घालतेय. हात दुखला की हात बदलते. वजदी, पोरा, जवळचं कुठलंही बंदर गाठ. मी अजून जागा आहे.