टेबलाखालचा निळा दिवा

अरे, दारात पाय ठेवायला जागा नव्हती! चष्म्याच्या काचा पुरवणारं एवढंसं ऑफिस, चार टेबलं, भिंतीभर काचांच्या पाकिटांचे खण, आणि त्यात माणसं अशी कोंबलेली की मागचे लोक शिडीवर चढून बघत होते. शेजारचा शिंपी आला होता. वरच्या मजल्यावरची दातांची डॉक्टर आली होती. कुरिअरवाला तर पार्सल काखेत धरूनच उभा! आणि सगळे बघत कशाकडे होते? कोपऱ्यातल्या टेबलाखालच्या कॉम्प्युटरकडे. त्याला धड स्क्रीनही नव्हता. नुसता काळा डबा.

"बाळ, आलीस का?" स्पंदनगुरूंनी डोळे मिटून विचारलं.

सगळे श्वास रोखून उभे. आणि घुर्रर्र! डब्यातला पंखा फिरला, निळा दिवा लागला. कुणीही बटणाला हात लावलेला नाही!

"आली गं बाई!" मावशींनी पदर डोळ्यांना लावला. मावशी म्हणजे ऑर्डरी टाइप करणाऱ्या, ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या.

ऑफिसचे मालक म्हणजे पप्पा, ताई आणि धाकटीचे वडील. ते खाली वाकायला गेले, कंबर धरली, आणि तसेच अर्धवट वाकून त्या दिव्याकडे बघत राहिले. धाकटीला ते बघवेना. पप्पांच्या चेहऱ्यावर इतका आनंद तिनं ताई गेल्यापासून पाहिला नव्हता, आणि तो तिच्यासाठी नव्हता.

ताई म्हणजे तिची मोठी बहीण. रस्त्यावरच्या अपघातात गेली, सकाळी हसत निघालेली पोरगी. ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर तिनंच जुळवलेले. एक कंपनी बंद पडली तेव्हा तिथला जुना माल तिनं स्वतः निवडून आणला. मदरबोर्ड जुना चालेल, प्रोसेसर जुना चालेल, डब्यावर ओरखडे असेनात, आपल्याला काय त्याचं लग्न लावायचंय? पण पॉवर सप्लाय आणि डिस्क मात्र नवीकोरी. "पप्पा, तिथे चिक्कूपणा केलात ना, तर एक दिवस सगळ्या ऑर्डरी गिळून बसेल हा," असं म्हणायची. ती स्क्रू फिरवायची आणि धाकटी टॉर्च धरायची. टॉर्च हलला की, "अगं ए, दीपस्तंभ! इकडे दाखव की!"

ती गेल्यावर तिच्या टेबलाशी कुणी बसलं नाही. तिचा स्क्रीन मावशींनी घेतला, त्यांचा बिघडला होता म्हणून. मग एका दुपारी लाइट गेली आणि आली. बाकीची मशीनं गप्प, आणि ताईचं मशीन मात्र आपोआप सुरू!

"कुणी हात लावला?" पप्पांनी विचारलं. कुणीच नाही. मावशींनी ही गोष्ट बहिणीला सांगितली, बहिणीनं आणखी कुणाला, आणि फिरत फिरत ती स्पंदनगुरूंपर्यंत पोचली. लगेच आले की हो! पांढरे कपडे, मऊ आवाज, आणि सोबत एक लांबलचक शिष्य, कायम हात पाठीमागे बांधून भिंतीला टेकलेला.

"देह म्हणजे काय? कॅबिनेट!" गुरू सांगायचे. "मन म्हणजे मेमरी. कॅबिनेट मोडलं म्हणून करंट मरतो का? आणि मदरबोर्ड! नावातच आई आहे! लेकरू आईच्या कुशीत बसलंय."

"मग स्क्रीन जोडूया का? काहीतरी लिहील तरी ती," डॉक्टरबाईंनी एकदा विचारलं.

"छे छे! दर्शन मागायचं नाही. आत्मा लाजतो."

धाकटीला फस्सकन हसू आलं. तिथेच चुकलं. गुरूंनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं काही आमटीत झुरळ दिसावं. त्या दिवसापासून ते म्हणायला लागले, घरात संशय आहे, म्हणून मोठीला त्रास होतो. आणि पप्पा धाकटीशी बोलेनासे झाले. घरी जेवताना गप्प. ऑफिसात मात्र त्या डब्यासमोर खुर्ची ओढून, "आज थंडी आहे हं बाळा," वगैरे. धाकटी दाराआडून ऐकायची. आईविना वाढलेल्या दोघी. आता ताई नाही, आणि असलेले पप्पाही एका डब्यानं नेले.

आणि आज, मगाचा दिवा विझल्यावर, गुरूंनी गर्दीसमोर विषय काढलाच.

"बाळ, तुझ्या पप्पांना एक विचारायचंय. विचारू?"

घुर्रर्र. निळा दिवा. म्हणजे हो. मग तो विझला.

"धाकटीला थोडे दिवस आत्याकडे पाठवावं का? तुला मोकळं वाटेल का?"

 धाकटी मनातल्या मनात म्हणाली, ताई, नको ना गं. खोटं आहे हे तिला माहीत होतं, तरीसुद्धा म्हणाली! असं होतं माणसाचं.

घुर्रर्र. निळा दिवा.

"पप्पा..." ती म्हणाली. पप्पांनी मान खाली घातली. "आत्याला फोन करतो मी," ते पुटपुटले. "ताईची इच्छा आहे, बेटा."

आणि तेवढ्यात धाकटीच्या डोक्यात काहीतरी खटकलं. टुंग! दिवा लागला तेव्हा टुंग वाजलं होतं. तिचा फोन! सकाळी बॅटरी संपली म्हणून तिनं तो ताईच्या टेबलाखालच्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावला होता, मशीनच्या वायरशेजारीच. चार्जिंग सुरू झालं की तो टुंग वाजतो. मगाशी "विचारू?" म्हटल्यावर टुंग. आत्ता पुन्हा टुंग. आता ताईचा आत्मा काय फोनही चार्ज करतो?

त्या बोर्डाचा स्विच भिंतीवर. आणि भिंतीला टेकलाय कोण?

"ओ लांबूशेठ," धाकटी म्हणाली, आणि तिचा आवाज तिलाच परका वाटला, "जरा पुढे या ना. दोन्ही हात डोक्यावर ठेवा."

"हा काय उद्धटपणा!" गुरू कडाडले.

"हात वर केल्यानं आत्मा पळतो का हो?" शिडीवरून शिंप्यानं विचारलं. कुणीतरी खुदकन हसलं. शिष्य पुढे आला. धाकटीनं स्विच बंद केला, डबा विझला.

"आता विचारा."

गुरूंनी विचारलं. डबा गप्प. "आत्मा रुसला. वातावरण दूषित झालं..."

धाकटीनं खट्कन स्विच लावला. टुंग! घुर्रर्र! निळा दिवा.

"बघा, रुसवा गेला!" शिंपी म्हणाला.

पण पप्पा पुढे सरसावले, लालबुंद. "मावशींचं मशीन असं होतं का सुरू? बाकीचं एक तरी होतं? लाइट आली की यांची बटणं दाबावी लागतात! हिचंच का होतं?"

खरंच की. सगळे तिच्याकडे बघायला लागले. धाकटीलाही माहीत नव्हतं. तिनं मावशींच्या टेबलावरून ताईचा स्क्रीन उचलला, कीबोर्ड आणला, जोडला, स्विच बंद करून पुन्हा लावला, आणि मशीन सुरू होताना ताई दाबायची ते बटण दाबत राहिली. सेटिंगचं निळं पान उघडलं. ती एकेक ओळ बघत गेली आणि थांबली.

"हे बघा. वीज परत आल्यावर काय करायचं, ते इथं ठरवता येतं. बाकीच्यांना 'बंद राहा' असणार. ह्याला 'सुरू हो'."

"पण का?"

ती त्या पानातून बाहेर आली. मशीन पूर्ण सुरू झालं. स्क्रीनवर मोठ्ठी अक्षरं आली, खोलीच्या पलीकडून वाचता येतील एवढी. मधोमध नाव: पप्पा.

 धाकटीला एकदम सगळं कळलं, आणि कळलं तसं तिला रडू फुटलं.

"हे तुमच्यासाठी करत होती ती. तुम्हाला टेबलाखाली वाकता येत नाही ना. तुम्ही भिंतीवरचा स्विच लावायचा की झालं, खाली हात घालायलाच नको. म्हणून फक्त ह्याला लावलं तिनं. द्यायचं राहिलं."

गर्दीत कधीतरी गुरू आणि शिष्य दारापर्यंत सरकले होते. कुरिअरवाला वाटेत आडवा उभा राहिला, डॉक्टरबाई पोलिसांना फोन लावत होत्या. पप्पांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते आपल्या नावाकडे बघत होते.

"म्हणजे ती नाहीये इथे," ते म्हणाले.

"नाहीये, पप्पा."

"मी रोज बोलायचो. ती हो म्हणायची." मग तिच्याकडे वळून, अगदी हळू आवाजात, "कशाला दाखवलंस गं?"

 तिनं त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही, पण दाबलाही नाही. ताई गेली त्या दिवशी पप्पा रडले नव्हते. आत्ता सगळ्यांदेखत, खुर्चीत बसून, लहान मुलासारखे रडले.

मित्रांनो, बुवा पकडला गेला म्हणून टाळ्या वाजवायची ही गोष्ट नाहीये. धाकटीनं त्या दुपारी आपल्या वडिलांकडून त्यांची मुलगी दुसऱ्यांदा काढून घेतली. तिला ते माहीत होतं. तरी घेतली, कारण त्या खोट्या ताईनं खऱ्या ताईची मायाही चोरली होती आणि तिच्या तोंडी बहिणीला हाकलायची भाषा घातली होती. माणूस गेलं की मन काहीही मानायला तयार होतं. त्यात लाज कसली? पण नेमक्या त्याच वेळी कुणी तुमच्या गेलेल्या माणसाच्या नावानं बोलायला लागला, तर रडता रडताही वायर कुठे जाते ते बघा. प्रश्न विचारा. आणि विचारू नका म्हणून जो सांगेल, त्याला दार दाखवा.