लुगडं नेसलेली शीतळाई

दसरा होऊन पाच दिवस झाले होते आणि हरणाबाईच्या स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. कवठे महांकाळपासून तीन कोसांवरची ही माळावरची वस्ती. एरवी एक अनोळखी माणूस आला तरी कुत्री तासभर भुंकत. त्या शुक्रवारी तीही दमून गप्प झाली होती. नारळ आणि हळदीकुंकू घेतलेल्या बायाबापड्यांची ओळ अंगणातून थेट चुलीपर्यंत आली होती. आणि ओळीच्या टोकाला, भिंतीला पाठ लावून, हिरवं इरकली लुगडं नेसलेला, दारावर मळवट भरलेला, पुरुषभर उंचीचा एक फ्रिज उभा होता.

धोंडुबाईचा नंबर आला. नुकत्याच सारवलेल्या ओल्या भुईवर ती अनवाणी उभी राहिली, डोळे मिटले, फ्रिजच्या चकचकीत मुठीला बोट लावलं आणि किंचाळून मागं पडली.

"आई गं! डसली! पार खांद्यापातूर मुंग्या आल्या!"

"शीतळाईच्या नावानं चांगभलं!" गर्दी गरजली.

सयाजी देवऋषी खडावा वाजवत पुढं झाला. "थंडीची माय, बर्फात पाय! खरं वागशील तर दूध दील, खोटं वागशील तर हाड घील!" यमक जुळलं की सयाजीला अर्थाची गरज पडत नसे. त्यानं त्याच मुठीवर सबंध पंजा ठेवला आणि गर्दीकडं बघून हसला. त्याला काहीच झालं नाही. "बगा! आई आपल्या लेकराला वळखती!"

चुलीपाशी उभ्या असलेल्या हरणाबाईनं राहीचा हात घट्ट धरला. राही तिची दहा वर्षांची पोर. तिच्या हाताला घाम सुटला होता, की तो आपलाच घाम आहे, हे हरणाबाईला कळेना. कारण बारा वाजले की राहीच्या डोक्यावरून पाच घागरी पाणी ओतून, ओलेत्यानं, तिला फ्रिजची मूठ दोन्ही हातांनी धरायला लावायची होती. सयाजीचे एकवीस मंत्र पुरे होईपर्यंत मूठ सोडायची नाही. म्हणजे पोरीचं दुखणंही जाईल आणि फ्रिजचा थंडावाही परत येईल, असं त्यानं सांगितलं होतं.

आता हा फ्रिज या माळावर आला कसा, ते सांगायला हवं. राहीला दोन वर्षांपासून साखरेचा आजार. रोज सकाळी इन्सुलिनचं इंजेक्शन चुकलं तर पोर हातची जाईल, असं सांगलीच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. काचेची पिचकारी उकळून सुई टोचायला हरणाबाई तिथंच शिकली होती. पण ते औषध गारव्यात ठेवायचं, आणि या माळावर गारवा आणायचा कुठून? तिचा नवरा अर्जुना साताऱ्याच्या एका कारखान्यात ड्रायव्हर. तिथला जर्मन साहेब मायदेशी निघाला तेव्हा त्यानं आपला दोन दारांचा, आत दिवा लागणारा भारी फ्रिज या पोरीसाठी अर्जुनाला देऊन टाकला. ट्रकमधून तो वस्तीवर आला. साहेबाचा प्लग आपल्या भिंतीत बसेना, म्हणून वायरमननं तो कापून दोन पिनांचा लावला. वायरीत तिसरी एक तार उरली. तिची गुंडाळी करून त्यानं ती फ्रिजमागं कोंबली आणि चहा पिऊन निघून गेला.

मग आली खंडेनवमी. त्या दिवशी नांगर, कुऱ्हाड, मेंढरांची लोकर कातरायची कातर, सगळं धुऊन पुजायचं ही घरची रीत. हरणाबाईची सासू बयाबाई म्हणाली, "येवढं मोठं हत्यार घरात आलंय आन् त्येला न्हाऊ घालायचं न्हाई व्हय?" सासूसुनेनं मिळून फ्रिजवर पाच घागरी पाणी ओतलं. प्लग काढायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. बैल धुताना कुणी त्याचा श्वास बंद करतं का? मग हरणाबाईनं आपलं लग्नातलं इरकली लुगडं काढलं आणि फ्रिजला मागून पुढून गच्च नेसवलं, निऱ्यासुद्धा घातल्या. झेंडूचे हार पाठीमागच्या जाळीत खोवले. फ्रिज असा दिसत होता, की नवरीनं लाजावं.

संध्याकाळी फ्रिज कण्हला. आतून 'टक्' आवाज आला आणि तो गप्प झाला. थोड्या वेळानं पुन्हा कण्हला, पुन्हा 'टक्'. दुसऱ्या दिवशी बर्फाचं पाणी झालं, आणि बयाबाईनं मुठीला हात लावला तेव्हा तिला असा झटका बसला, की ती भुईवर बसलीच.

बयाबाईच्या चेहऱ्यावर देवीच्या रोगाचे वण होते. त्याच साथीत तिचा थोरला मुलगा गेला होता, अर्जुनाच्याही आधीचा. हा रोग आणणाऱ्या शीतळाईचं भय तिला कुणी शिकवायला नको होतं. "आई आली गं हरणे," ती थरथरत म्हणाली, "परत आली." त्याच दुपारी तिनं सयाजीला बोलावणं धाडलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सयाजी आला आणि त्यानं फ्रिजला कान लावला. 'टक्' ऐकलं. "आई दात खाती," तो म्हणाला. "ह्या घरात ढोराच्या पोटातनं काढल्यालं औशिद हाय. आईला इटाळ झालाय. बाटली हिरीत टाका. सुई बंद."

हे औषध जनावराच्या पोटातल्या अवयवातून काढतात, हे दवाखान्यातल्या नर्सनं बयाबाईला सांगितलं होतं आणि बयाबाईनंच बोलाबोलात सयाजीला. पण ऐकणाऱ्यांना वाटलं, बुवाला अंतर्ज्ञानानं कळलं.

त्या दिवशी हरणाबाई जन्मात पहिल्यांदा सासूशी खोटं वागली. रिकाम्या बाटलीत पाणी भरून तिनं ती सगळ्यांदेखत विहिरीत टाकली. खरी बाटली रांजणाखालच्या ओल्या वाळूत पुरली आणि राहीला रोज सकाळी गोठ्यात नेऊन सुई टोचली. सांगलीच्या विश्रामबागेत नानासो म्हणून फ्रिज दुरुस्त करणारे एक निवृत्त हवालदार होते, अर्जुनाच्या ओळखीचे. त्यांना तिनं एस.टी.च्या कंडक्टरकडून चिठ्ठी धाडली. ते शुक्रवारच्या सकाळच्या गाडीनं येतील असा उलट निरोप आला होता. सकाळची गाडी अजून आली नव्हती.

हरणाबाई भ्यालेली होती, हे लपवण्यात अर्थ नाही. तिला देवीचंही भय होतं. खरोखरच शीतळाई असली तर? आपल्या लबाडीची शिक्षा पोरीला झाली तर?

पण ती मेंढपाळाची लेक होती. तिचा बाप म्हणायचा, "मेंढरू आजारी पडलं तर देवाला मागनं इचार. आदी इचार, काल ते कुटं चरलं." चार दिवस ती मनाशी तेच विचारत होती. देवी सगळ्यांना डसते, मला का डसली नाही? दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या फळीवरची बाटली तिनंच काढली होती. मूठ हातानं धरून, दार उघडून. सयाजीला हे कळलं तेव्हा तो म्हणाला होता, "सकाळी आई निजल्याली असती." पण वरच्या फळीला हात पुरत नाही म्हणून ती तेव्हा पाटावर उभी होती. लाकडी पाटावर.

तिची नजर सयाजीच्या पायांवर गेली. चुलीपाशी, देव्हाऱ्यासमोर या घरात कुणी पायताण घालत नाही. सासू तर चप्पल अंगणातच सोडते. आणि हा देवाचा म्हणवणारा माणूस चार दिवस घरभर खडावा घालून फिरतोय. त्यानं खडावा काढलेल्या तिनं एकदाही पाहिल्या नव्हत्या.

"आना पोरीला!" सयाजी ओरडला.

बाहेर राहीच्या डोक्यावर पाणी ओतलं जात होतं. ती हुंदके देत आत आली, परकर पायांना चिकटलेला, केसांतून पाणी गळत होतं. बयाबाईनं तिचा दंड धरला होता. म्हातारीही रडत होती. "भिऊ नगं माजे बाई," ती म्हणत होती, "बरी व्हशील. कायमची बरी व्हशील."

पोरीचा हात मुठीपासून वीतभर अंतरावर असताना हरणाबाई मध्ये आली.

"थांबा. देवरुशी, तुमी आदी खडावा काढा."

सयाजीचं मंत्र म्हणणारं तोंड उघडंच राहिलं. "काय?"

"माजी पोरगी अनवानी हाय. तुमी का न्हाई? खडावा काढा, ह्या वल्या भुईवर उबं ऱ्हावा आन् मूठ धरा. आई तुमाला वळखती न्हवं?"

"हरणे!" बयाबाई ओरडली. "जीब झडंल!"

"झडू द्या आत्याबाई. माजी झडू द्या, पोरीला काय नगं व्हाया."

"खडावा म्हंजी गुरूची खून हाय!" सयाजीनं डोळे फिरवले. "खडावा काढल्या तर आई खवळंल! वस्तीत घरटी एक मडं पडंल!"

गर्दी एक पाऊल मागं सरली. हरणाबाईनं मागं वळून बघितलं, तर ओलेती पोर उभी. तिनं कोपऱ्यातला कोरडा पाट ओढला, फ्रिजसमोर मांडला, पदरानं पुसला आणि वर चढली. डोळे मिटून तिनं बापाचं नाव घेतलं, देवाचं नाही, आणि मूठ धरली.

काहीच झालं नाही.

तिनं एक डोळा उघडला, मग दुसरा. "धोंडुबाई," ती म्हणाली, "मी पाटावर हाय. मला काय बी व्हत न्हाई. म्या कुटला गुरू केलाय?"

"अहो बाई, सोडा! सोडा ती मूठ!"

दारातून एक टक्कल पडलेला, खाकी पँटीतला माणूस गर्दी सारत आत घुसला. त्यानं कुणाकडं न बघता आधी भिंतीवरचं बटण बंद केलं आणि प्लग उपसला. हे नानासो. वाटेत गाडी पंक्चर झाली होती.

"पाट वला असता तर?" ते हरणाबाईवर डाफरले. "भिंतीला दुसरा हात लागला असता तर? हुशारी केलीसा, पन परत करू नका." मग त्यांनी चहूकडं पाहिलं. "काय झालं व्हतं? आदी ह्ये सांगा, बिघडायच्या आदल्या दिवशी ह्येचं काय काय केलंसा?"

हरणाबाईला एकदम बापाचा आवाज ऐकल्यासारखं झालं. तिनं सगळं सांगितलं: घागरी, लुगडं, झेंडू, कापलेला प्लग.

नानासोंनी लुगडं सोडलं आणि फ्रिज भिंतीपासून पुढं ओढला. पाठीमागची काळी जाळी सगळ्यांना दाखवली. हारांची फुलं करपून तिला चिकटली होती. "फ्रिज थंडी तयार करत न्हाई. आतली ऊब उचलतो आन् ह्या जाळीतनं बाहीर टाकतो. तुमी जाळीला लुगडं गुंडाळलंसा, भिंतीला चिकटवलंसा. ऊब जानार कुटं? यंत्र तापलं की जळू नये म्हून आपनच बंद पडतं. त्येचा ह्यो 'टक्'. गार झालं की परत सुरू."

"आन् दात खाती ती?" कुणीतरी विचारलं. एक पोरगी फिस्सकन हसली.

मग त्यांनी खालच्या मोटारीवरचं झाकण काढलं. आत पाण्यात भिजलेलं कुंकू लालभडक साचलं होतं. "पानी हितं शिरलं आन् करंट सगळ्या पत्र्यात आला. साहेबाच्या मुलखात ही तिसरी तार असती, ती असला करंट जमिनीत न्हेती. आपल्या वायरमननं ती गुंडाळून ठेवली. मग करंटानं दुसरी वाट धरली, तुमच्या अंगातनं, वल्या भुईत. पायाखाली कोरडं लाकूड आसंल तर वाट बंद. पाट काय न् खडावा काय, लाकूडच."

सगळ्या माना सयाजीकडं वळल्या. तो नारळ पोत्यात भरत होता.

"आई आता... प्लगातनं गेली," तो पुटपुटला, "मोकळी झाली."

"तुला म्हाईत व्हतं का?" हरणाबाईनं त्याला विचारलं. अहोजाहो गळून पडलं होतं. "खरं सांग. म्हाईत व्हतं?"

सयाजीनं मान खाली घातली. "पयल्या दिशी कुनी नसताना खडावा काढून हात लावला व्हता," तो म्हणाला. "मला बी डसली. मंग घातल्या, तर डसली न्हाई." एवढं बोलून तो पोतं तिथंच टाकून निघाला. अंगणभर खडावांचा आवाज ऐकू येत राहिला.

बयाबाई अजून राहीचा दंड धरून उभी होती. राहीच्या परकरातून थेंब थेंब पाणी भुईवर गळत होतं. म्हातारीनं त्या पाण्याकडं पाहिलं, मुठीकडं पाहिलं, मग नानासोंकडं.

"दादा," ती म्हणाली, "ही अशी वलीचिंब... दोनी हातांनी धरली असती तर?"

नानासोंनी फडक्यानं राहीचे ओले हात पुसले. "मूठ सुटली नसती," ते म्हणाले.

बयाबाईनं नातीला छातीशी धरलं आणि अशी रडली, की थोरला गेला तेव्हाही ती तशी रडली नव्हती. "म्या माज्या हातानं," ती म्हणत राहिली, "म्या माज्या हातानं न्हेत व्हते गं तिला."

दुपारभर मोटारीचा भाग उन्हात वाळला. अंगणात खड्डा खणून मीठ आणि कोळसा भरला, तांब्याची पट्टी पुरली आणि तिसरी तार तिला जोडली. नानासोंनी लाइट लागणारा स्क्रू-ड्रायव्हर पत्र्याला टेकवला. सकाळी करंट असताना त्यातला दिवा लागला असता, आता लागला नाही. दिवेलागणीला वरच्या कप्प्यात बोटाला बर्फ लागला. वाळूतली बाटली निघून पुन्हा फळीवर गेली. हरणाबाईनं सासूला सगळं खरं सांगितलं. बयाबाईनं फक्त तिच्या डोक्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी भुई सारवून झाल्यावर हरणाबाई अनवाणी फ्रिजसमोर उभी राहिली. तार जोडलेली आहे, हे ठाऊक असूनही हात पुढं होईना. भीती एका दिवसात जात नाही. सयाजीला खडावा सुचल्या, कारण त्यालाही झटका बसला होता. पण मग खडावा घातल्यावर का बसला नाही, हा प्रश्न त्यानं लपवला आणि त्याचा देव केला. हरणाबाईनं तोच प्रश्न सगळ्यांसमोर विचारला आणि तिची पोर वाचली. दोघांत फरक एवढाच. तेव्हा घरात काही अघटित झालं तर भ्या, त्यात लाज नाही. पण नारळ आणायला पळण्याआधी मेंढपाळासारखं विचारा, काल हे कुठं चरलं होतं?

हरणाबाईनं मूठ धरली, दार उघडलं आणि आतल्या दिव्याच्या उजेडात बाटली काढली. मागं बयाबाई पिचकारी उकळून हातात घेऊन उभी होती.

"आन इकडं," ती म्हणाली, "आज मला शिकीव."