लाल पट्टीला टाळ्या

दर शनिवारी सकाळी संत तुकाराम नगरातल्या एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत आम्ही दहा-बारा जण प्रोग्रॅम लिहायचा सराव करतो. पगार नाही, सर्टिफिकेट नाही, चहाही आपापला. हा ग्रुप चालवणाऱ्या चित्राताई त्याला तालीम म्हणतात. वीस वर्षं कंपन्यांत घालवून त्यांचं ठाम मत झालंय की लोक जन्मभर कोड लिहितात, पण शिकत कोणीच नाही. असेलही. मी मात्र गेले आठ महिने तिथे शिकायला जात नव्हतो. घरात बसलं की माझी बायको सई विचारायची, "काय होतंय तुला?" आणि काहीच होत नाही, हीच तर अडचण होती.

तालमीचे नियम थोडेच. कीबोर्ड एकच, दर पाच मिनिटांनी पुढच्याकडे. कोणी जुना किचकट कोड आणला तर तो कोणी लिहिला हे विचारायचं नाही, म्हणजे शिव्या मोकळेपणाने देता येतात. कोडला हात लावण्याआधी चाचणी लिहायची. त्यासाठी प्रोग्रॅमने कसं वागायला हवं याचं एक साधं मराठी वाक्य लिहायचं, मशीनवर काम करणाऱ्या माणसालाही कळेल असं. प्रोग्रॅम तसाच वागला तर पडद्यावर हिरवी पट्टी येते, नाही वागला तर लाल. आणि लाल आली की सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, कारण चूक सापडली. नवीन माणसाला हा खुळेपणा वाटतो. मलाही सुरुवातीला वाटला होता.

त्या शनिवारी सायलीने कोड आणला. ती कुरुळीची, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, दोनच महिने झाले होते तिला येऊन. सोबत तिचे वडीलही आले होते. ते मागच्या खुर्चीत बसले, डावा हात रुमालाखाली झाकून.

"पत्रा दाबणाऱ्या प्रेसचा प्रोग्रॅम आहे," ती म्हणाली. "कारखान्यातल्या मेंटेनन्सच्या भीमराजकाकांनी पेनड्राइव्हवर काढून दिला. त्या प्रेसवर एकाची तीन बोटं गेली. कंपनी म्हणते त्यांनीच घाई केली. सोमवारी चौकशी संपेल आणि त्यांना कामावरून काढतील."

तो एक जण कोण, हे कोणी विचारलं नाही. मागे वळूनही कोणी बघितलं नाही. चांगली माणसं आहेत सगळी.

पडद्यावर पहिलं पान उघडलं आणि मी ओळखलं. माझाच कोड होता.

आधी मी भोसरीत मशीनचे पॅनेल करणाऱ्या एका छोट्या फर्ममध्ये होतो. ह्या प्रेसला दोन बटणं, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली तरच प्रेस खाली येणार, म्हणजे दोन्ही हात साच्याबाहेर आहेत याची खात्री. मग त्या कारखान्याच्या मालकाचा फोन आला. बटणं एकदम दाबली जात नाहीत, माल अडतोय, जरा ढील दे. मी घरी बसून अर्ध्याचे तीन सेकंद केले, शेजारी 'तात्पुरतं' असं लिहिलं, फाइल पाठवली आणि जेवायला बसलो. तेवढ्या वेळात डावा हात बटण सोडून साच्यातला वाकडा पत्रा सरळ करायला जाऊ शकतो, हा विचार मला शिवलाही नाही. मी ती मशीन डोळ्यांनी बघितलेलीसुद्धा नव्हती.

आठ महिन्यांपूर्वी मालकाचा पुन्हा फोन आला. रोहिदास नावाच्या कामगाराची बोटं गेली. "तुझं नाव कुठंच येत नाही, निवांत राहा." मी निवांत राहिलो. इतका की मला काही वाटायचंच थांबलं. गिळायचं, ऑफिसला जायचं, झोपायचं. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण तेही येईना.

चाचण्या सुरू झाल्या. 'दोन्ही बटणं दाबली की प्रेस खाली येतो.' हिरवी. 'एकच दाबलं तर येत नाही.' हिरवी. 'एकही दाबलं नाही तर जागेवर राहतो.' हिरवी. आमच्यातल्या अवधूतला दुसऱ्याच्या कोडची खिल्ली उडवायला फार आवडतं. तो खुर्चीत रेलून म्हणाला, "कोड भिकार आहे, पण बरोबर आहे राव."

मागे सायलीच्या वडिलांनी मान हलवली, त्यांना ते आधीच ठाऊक असल्यासारखी.

बाराला खोली रिकामी करायची होती. पाच मिनिटं उरली होती आणि कीबोर्ड माझ्याकडे आला. मी आणखी एखादी हिरवी चाचणी लिहू शकत होतो. सगळे उठले असते, मी कासारवाडीला घरी जाऊन जेवलो असतो. मला धडधडलं नाही, घामही फुटला नाही. मी वाक्य टाइप केलं: 'एक हात साच्यात असेल तर प्रेस खाली येता कामा नये.' खाली लिहिलं, डावं बटण दाबून सोडलं, दोन सेकंद गेले, उजवं दाबलं.

लाल.

प्रोग्रॅमने प्रेस खाली आणला होता. टाळ्यांनी खोली भरून गेली. सायली तोंडावर हात दाबून उभी राहिली.

"पोरी, लाल म्हंजी नापास का?" तिच्या वडिलांनी विचारलं.

"नाही पप्पा. चूक सापडली. मशीनची होती, तुमची नव्हती."

मग त्यांनीही रुमालाखालचा हात बाहेर काढला आणि टाळ्या वाजवल्या. तीन बोटं नसलेल्या हाताची टाळी नीट वाजत नाही. मी ती बघत बसलो.

"सायेब," ते मला म्हणाले, "एवढ्या पोरांला गावलं न्हाई. तुमाला कसं गावलं?"

"गुरुदत्तला अनुभव आहे," चित्राताई कौतुकाने म्हणाल्या. तेवढ्यावर सुटता आलं असतं.

"अनुभव नाही, ताई. हा कोड मीच लिहिलाय. अर्ध्या सेकंदाचे तीन मी केले. ह्यांनी घाई केली नव्हती."

अवधूत जमिनीकडे बघत होता. आणि मला लाज वाटली. आठ महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं होतं आणि ते सहन होत नव्हतं.

रोहिदास उठून माझ्यापाशी आले. शिवी दिली असती तर मी घेतली असती.

"आठ म्हैनं मी घरात सांगतोय, माजीच घाई झाली," ते म्हणाले. "बायकूला सांगितलं, हिला सांगितलं. मलाबी तसंच वाटाया लागलं व्हतं."

मी कीबोर्ड बाजूला सरकवला.

"सोमवारी ह्येच तितं सांगाल का? सगळ्यांम्होरं?"

"सांगतो."

"मंग नंबर द्या तुमचा."

त्यांनी डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि उरलेल्या बोटात फोन धरून माझ्यापुढे केला. मी तो घेतला. माझाच नंबर टाइप करताना मी दोनदा चुकलो, आणि मी तो खोडून तिसऱ्यांदा लिहीपर्यंत ते शेजारी उभे राहिले.